तळ्याचं नाक

पूर्वी बस तळ्याच्या वळणावर आली की परगावचे लोक आपापल्या बुटांचे तळ बघत. तिथे काही सापडलं नाही की शेजारच्याच्या बुटांकडे बघत. गावातला कोणी बसमध्ये असला तर तो खिडकीबाहेर पाहत एवढंच म्हणे, "तळं आहे." त्यावर कोणी जास्त विचारलं तर त्याला राग येई. आपल्या घरातल्या वेडसर काकाबद्दल बाहेरच्यानं बोललेलं आवडत नाही, तसा.

गावाचं सगळं वागणं त्या वासाच्या बेतानं चाले. पाहुण्यांना बोलवायचं तर वारा कुठल्या बाजूचा आहे ते आधी बघत. चांदीची भांडी कापडात गुंडाळून डब्यात ठेवत, तरी ती काळी पडत, आणि ती घासणं हे सुटीच्या दिवशीचं काम असे. आता नवा रस्ता तळ्याला लांबून वळसा घालतो. बसमधल्या मुलांना वासाबद्दल विचारलं तर ती कोऱ्या चेहऱ्यानं बघतात. जुनी माणसं मात्र वळणाची जागा आली की अजून बोलता बोलता क्षणभर थांबतात. कशासाठी थांबलो ते त्यांच्याही लक्षात येत नाही.

त्या काळी गावात एक माणूस असा होता की हा वास घेणं हीच त्याची नोकरी होती. हजेरीपटावर त्यांचं नाव आणि हुद्दा नीट लिहिलेला असे, पण ते नाव बायकोच्या तोंडीही नव्हतं. गावात त्यांना नाकोबा म्हणत. नाक मुळात काही विशेष मोठं नाही. आज वयानं ते थोडं लांबलंय इतकंच.

तळ्याच्या काठावर एक संशोधन केंद्र आहे. दोन खोल्या, व्हरांडा आणि होडी बांधायला लाकडी धक्का. नाकोबा तिथे तरुणपणी होडी रंगवायला आले. तेव्हाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, तळ्याच्या खालच्या पाण्याच्या बाटल्या व्हरांड्यात उघडत होते. त्यांचे दोन मदतनीस कठड्यावर वाकून उलट्या करत होते. रंगाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या या माणसाला सरांनी विचारलं, "तुला नाही का मळमळत?"

"मळमळतंय," नाकोबा म्हणाले. "पण घरी जाऊन सांगू काय, वास आला म्हणून परत आलो?"

सरांनी त्यांना ठेवून घेतलं. होडीला रंग दुसऱ्या कोणीतरी दिला.

त्या बाटल्यांत काय होतं ते समजायला तळं समजावं लागतं. या तळ्यात खरं म्हणजे दोन तळी आहेत, एकावर एक. वर ओढ्यांचं गोडं पाणी आहे आणि खाली फार जुनं, खारट, जड पाणी. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. एका घरात राहून एकमेकांशी न बोलणाऱ्या भावांसारखी ती वर्षानुवर्षं तशीच आहेत. वरच्या पाण्यात हवा आहे, मासे आहेत, बदकं आहेत. खालच्या पाण्यात हवेचा लवलेश नाही. वरून पडलेला पाचोळा आणि मेलेलं जे काही असेल ते तिथे जाऊन साचतं. ते खाऊन राहणारे जंतू हवेवाचून जगतात. आपण श्वासाला हवा घेतो, ते पाण्यात विरघळलेल्या गंधकाच्या क्षारांवर भागवतात, आणि त्यातून जो वायू सुटतो त्याचा तो वास.

पण मोठे सर ज्यांच्यासाठी आले होते ते हे जंतू नव्हते. दोन पाण्यांच्या सीमेवर, जिथे वरून अगदी शेवटचा उजेड पोचतो आणि खालून तो वायू वर येतो, तिथे गुलाबी जंतूंचा एक थर राहतो. उजेडाच्या जोरावर ते हा वायू खातात आणि त्यातलं गंधक बारीक कणांच्या रूपानं अंगात साठवतात. थर जेमतेम वीतभर जाड. वर सरकले तर हवा त्यांना सोसत नाही, खाली घसरले तर अंधार. सरांच्या मागून केंद्राच्या प्रमुख झालेल्या बाईंनी हे सगळं नाकोबांच्या बायकोला एकदा चहा पिताना समजावून सांगितलं होतं.

"खालचे घाण करतात, मधले ती निस्तरतात, आणि वरच्यांना पत्ताच नसतो," बाई म्हणाल्या.

"म्हणजे एकत्र कुटुंब," नाकोबांची बायको म्हणाली. केंद्रात तिला सगळे वहिनी म्हणत.

हा थर गुलाबी असला तरी बाटलीत त्याचा रंग दिसत नसे. पाणी किंचित गढूळ वाटे, बस. काठावर आणून पांढऱ्या कागदातून गाळलं की मग कागदावर गुलाबी वर्तुळ उमटे. शिवाय थर एका जागी राहत नसे. पाऊस, वारा, ऊन यांप्रमाणे हातभर वर-खाली होई. वायू जागच्या जागी मोजणारं यंत्र तेव्हा केंद्राकडे नव्हतं. त्यामुळे होडीत बसून थर नेमका कुठे आहे ते शोधायला एकच साधन होतं.

काम असं चाले. होडीवाले मामा वल्ह्यांनी होडी एका जागी थोपवून धरत. नाकोबा दोन्ही तोंडं उघडी असलेली बाटली दोरीनं खाली सोडत. खोली मोजायला दोरीला मारलेल्या गाठींपैकी हवी ती आली की दोरीवरून एक पितळी वजन सोडत. ते घसरत जाऊन आपटलं की खाली बाटली मिटे. मग ती वर ओढून, वाऱ्याकडे पाठ करून, तळहाताच्या आडोशाला बूच उघडून ते वास घेत आणि एक शब्द बोलत. असे शब्द मोजकेच होते. वास नसेल तर "कोरं". अगदी पहिला, पुसट वास आला की "काडी". विझलेल्या आगकाडीचा वास, तीही शेजारच्या खोलीत विझलेली. त्याच्या खाली "अंडं", ते काय ते सांगायला नको. आणि अगदी खाली "बस", म्हणजे या बाटलीला मी परत नाक लावणार नाही.

महत्त्व फक्त काडीला होतं. काडी जिथे लागली तिच्या वीतभर वर गुलाबी थर. नाकोबा "काडी" म्हणाले की बाई पाणी भरून आणणारी आपली नळ्यांची चौकट त्या बेतानं खाली सोडत. काडी चुकली की दिवसाचं सगळं पाणी चुकलं. ती चुकत नसे. मामांना याचा थोडा हेवाही वाटे. "आमचे दंड भरून येतात," ते म्हणत, "आणि हे बसलेत नाकानं कांदे सोलत."

नाकोबा घरी येत ते मागच्या दारानं. मागच्या अंगणात नळ होता, तिथे अंघोळ केल्याशिवाय घरात पाय ठेवायचा नाही हा लग्नानंतर लगेच झालेला कायदा. त्यांच्या कपड्यांची वाळत घालायची तारही वेगळी होती. तरी वास राहायचा तो राहायचाच. त्यांची मुलगी आता परगावी असते. ती सांगते, लहानपणी शाळेच्या कार्यक्रमाला वडील आले की गर्दीत त्यांना शोधावं लागत नसे. त्या काळी तिला त्याची लाज वाटायची. आता एखाद्या स्टेशनवर, जुन्या गटाराजवळून जाताना तसा वास आला की ती मागे वळून बघते.

वहिनी धुण्याला बसल्या की कपडे आधी नाकाशी नेत. हा त्यांचा तपास होता. "आज फार खोल गेला होतात. बाही बघा." किंवा, "आज काम लवकर उरकलं? नुसता रुमालच तर वास मारतोय." नाकोबांना याची गंमत वाटे. ते म्हणत, केंद्रात माझ्यावर बाई आणि घरी माझ्यावर ही, दोन साहेब.

मग एका थंडीत त्यांना मोठी सर्दी झाली. ताप उतरला, खोकला गेला, आवाज परत आला. एका सकाळी ते स्वयंपाकघरात पेपर वाचत बसले होते आणि वहिनी बाहेरून धावत आल्या.

"दूध जळलं."

"कुठे?"

"तुमच्या पुढ्यात."

पातेल्याचा तळ काळा झाला होता. खोलीत धूर होता. नाकोबांनी पेपर खाली ठेवला आणि पातेल्याकडे बघितलं. वहिनींनी पातेलं त्यांच्या नाकाखाली धरलं, काढलं, मग एक कांदा चिरून धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते म्हणाले, "काही नाही येत."

डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून बघितलं. सर्दीनंतर होतं असं, म्हणाले. तरुण असता तर परत येईलच असं सांगितलं असतं, या वयात सांगता येत नाही. "कामाला कुठे असता?" त्यांनी विचारलं.

"तळ्यावर."

"मग तर बरंच झालं की," डॉक्टर म्हणाले.

घरी येताना वहिनींनी विचारलं, "बाईंना कधी सांगताय?"

"येईल परत," नाकोबा म्हणाले. "आठ-पंधरा दिवस जाऊ देत."

ते सांगू शकत नव्हते याचं कारण साधं होतं. मामांकडे वल्ही होती, बाईंकडे नळ्या होत्या. दोरी ओढायला कोणीही चाललं असतं. नाक काढून घेतलं तर होडीत त्यांचं काय उरत होतं ते त्यांनी बरेच दिवस मोजून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच आलं. बसलेला एक माणूस. केंद्रातून कोणी त्यांना घालवलं नसतं. व्हरांडा झाडायला, बाटल्या विसळायला ठेवून घेतलं असतं. पण होडी धक्क्यावरून सुटताना ते काठावर उभे राहिले असते.

पुढच्या खेपेला त्यांनी मुलीचा लहानपणीचा चांदीचा चमचा शर्टाच्या खिशात घातला. चांदी त्या पाण्यानं काळी पडते हे गावातल्या पोरासोरांना माहीत होतं. वाऱ्याकडे पाठ, तळहाताचा आडोसा, हे सगळं नेहमीचंच होतं. त्यामुळे आडोशाला बाटलीतलं पाणी चमच्यात ओतलेलं कोणाला दिसलं नाही. ते बाटली नाकाशी नेत, सावकाश श्वास घेत, चमच्याकडे बघत. पांढरा असला तर "कोरं". डाग दिसला की "काडी".

हे बरंच जमलं. घरी आल्यावर चमचा ते खिशातच विसरत. धुण्याला टाकलेल्या शर्टातून तो वहिनींना सापडे, आणि दुसऱ्या शर्टाच्या खिशात तो परत येई तो घासून लख्ख झालेला. त्यांनी विचारलं नाही. वहिनींनी सांगितलं नाही.

उन्हाळा लागेपर्यंत असं चाललं. मग एका सकाळी नाकोबा बाटल्या विसळून आत आले तेव्हा बाई खिडकीशी उभ्या होत्या. हातात गाळणीचा कागद होता. त्यावर करडं वर्तुळ होतं, चिखलात बोट बुडवून टेकवावं तसं. गुलाबी नव्हतं.

"आजही नाही," बाई म्हणाल्या. "गेले वाटतं."

"जंतूच ते, जातात कुठे?" दाराशी चहा पीत उभे असलेले मामा म्हणाले. "बसचं तिकीट थोडंच काढलंय."

"मामा, हसण्यावारी नेऊ नका. थंडी संपल्यापासून एकाही खेपेला मिळाले नाहीत. आणि वायू बघा, नळ्यांत केवढा वाढलाय. खाणारे नाहीत म्हणून उरतोय. सगळं जुळतं." बाईंनी कागद उजेडाकडे धरला. "मी विद्यार्थी म्हणून आले ना इथे, तेव्हा मोठ्या सरांनी पहिल्या दिवशी मला असाच एक कागद दाखवला होता. मला वाटलं, कोणीतरी सरबत सांडलं त्यावर."

त्यांनी टेबलाचा खण उघडला. त्यात गेल्या अनेक वर्षांचे कागद होते, प्रत्येकावर गुलाबी वर्तुळ. काही फिके, काही गडद, काही जुनेपणानं विटलेले. त्या ते कागद चाळत बसल्या. दाखवायला नव्हे, नुसत्याच. "कळवलंय मी सगळीकडे," त्या म्हणाल्या. "इथला थर संपला म्हणून. आता पुढचं वर्षभर बघू, नाहीतर केंद्राचं काम दुसरीकडे हलवावं लागेल."

नाकोबा दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते. बाईंचं सगळं जुळत होतं, पण त्यांना त्याहून जास्त जुळलेलं दिसत होतं. चांदी काळी पडते, पण पुसट वायूनं ती लगेच पडत नाही. त्याला वेळ लागतो. होडीत तेवढा वेळ नसतो. चमचा क्षणात काळा व्हायचा तर पाण्यात वायू भरपूर हवा, म्हणजे काडी संपून अंडं सुरू व्हायला हवं. ते ज्याला काडी म्हणत होते ती काडी नव्हती. बाईंची चौकट दर वेळी थराच्या खाली जाऊन पोचत होती, नुसत्या घाणीत. गुलाबी जंतू गेले नव्हते. ते वरून बघत असतील, नाकोबा आज म्हणतात, नळ्या आपल्याला ओलांडून खाली चालल्यात म्हणून.

त्या संध्याकाळी ते मागच्या अंगणात पायरीवर बसून राहिले. वहिनी त्यांच्या तारेवर शर्ट टाकत होत्या.

"चमचा खोटं बोलला," ते म्हणाले.

वहिनींनी पिन लावली. "चमचा कशाला खोटं बोलेल? तो सावकाश बोलतो. तुम्हाला घाई होती."

"तुला ठाऊक होतं?"

"मग रोज कोण घासत होतं? भुतं?"

त्यांनी सगळं सांगितलं. बाईंचा कागद, खणातली वर्तुळं, बाहेर गेलेली खबर. वहिनींनी उरलेले कपडे टाकले आणि बादली उपडी करून तिच्यावर बसल्या.

"उद्या सकाळी सांगा. होडी सुटायच्या आत."

"सांगेन. पण मग मी तिथे काय करू?"

"ते बाई ठरवतील."

"ठरलेलंच आहे ते."

वहिनींनी तारेवरच्या शर्टाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "शर्टावरून मला कळतं तुम्ही किती खाली गेलात ते. कळतं ना?"

"कळतं."

"मग बाटलीवरून का नाही कळणार?"

नाकोबांनी त्यांच्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्या कधी होडीत बसल्या नव्हत्या. धक्क्याच्या पहिल्या फळीवरही पाय ठेवत नसत. "तुला पाण्याची भीती वाटते," ते म्हणाले.

"पाण्याची वाटते. बाटलीची नाही. तुम्हाला पोहता येतं?"

"नाही."

"मग एवढी वर्षं काय करत होतात?"

"धरून बसत होतो."

"मीपण धरून बसेन."

सकाळी धक्क्यावर नाकोबांनी बाईंना सांगितलं. मामा होडीतलं पाणी उपसत होते, त्यांचा हात थांबला. नाकोबांनी खिशातून चमचा काढून दाखवला. बाईंनी तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत दिला.

"कधीपासून?"

"थंडीतल्या सर्दीपासून."

"म्हणजे हा सगळा काळ मी थराखालचं पाणी गाळत होते."

"हो."

"आणि सगळीकडे कळवून बसले की थर संपला."

बाईंचा आवाज चढला नव्हता, आणि नाकोबांना तेच जास्त लागलं. मामा होडीतून म्हणाले, "अहो, नाक नसेल तर नाही म्हणायचं. मला गुडघा नाही, मी सांगतो की रोज."

"तुमच्या गुडघ्यावर नळ्या नव्हत्या, मामा," बाई म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष मागे गेलं. धक्का जिथे सुरू होतो तिथे वहिनी उभ्या होत्या. डोक्याला रुमाल बांधलेला, पायात नाकोबांचे रबरी बूट. "या कशाला आल्यात?"

"वास घ्यायला," वहिनी तिथूनच म्हणाल्या.

बाईंनी नाकोबांकडे बघितलं, वहिनींच्या बुटांकडे बघितलं. दिवस वाया घालवायचाच तर कसाही घालवता येतो असा चेहरा करून त्यांनी चौकट उचलली. "बसा मधल्या फळीवर," त्या म्हणाल्या. "उभ्या राहू नका."

धक्क्यावरून होडीत यायला वहिनींना बराच वेळ लागला. मामांनी एक हात धरला, नाकोबांनी दुसरा. बसल्यावर त्यांनी फळीच्या दोन्ही कडा घट्ट पकडल्या आणि डोळे मिटून घेतले.

"वहिनी, होडी अजून बांधलेलीच आहे," मामा म्हणाले.

"मग सोडा. मी काय अडवलंय?"

तळ्याच्या मध्यावर मामांनी होडी थोपवली. नाकोबांनी बाटली सोडली, वजन सोडलं, ओढून वर आणली. बूच उघडून बाटली वहिनींसमोर धरली. त्यांनी एक डोळा उघडला, वास घेतला.

"काही नाही."

"कोरं," नाकोबा बाईंना म्हणाले. पुढची बाटली. तीही कोरी. आणखी एक गाठ खाली. वहिनींनी वास घेतला, नाक आवळलं, परत घेतला.

"हां," त्या म्हणाल्या.

"काय? काडी?"

"काडी-बिडी मला ठाऊक नाही. हा तुमच्या रुमालाचा वास आहे."

बाईंची पेन्सिल कागदावर टेकून थांबली होती. "म्हणजे काय लिहू मी?"

"बाहीचा नाही?" नाकोबांनी विचारलं.

"बाहीचा कसा असेल? बाहीचा वास वेगळा. बाही म्हणजे डोकं धरतं. हा रुमाल."

"रुमाल काडीच्या आधी का नंतर?"

"मला काय विचारता? रुमाल कधी काढता तुम्ही, ते तुम्ही सांगा. मी तर फक्त धुते."

नाकोबा बाटली हातात धरून बसले. रुमाल आपण कधी काढतो हा प्रश्न त्यांना उभ्या आयुष्यात कोणी विचारला नव्हता. त्यांचा दुसरा, ओला हात आपसूक खिशाकडे गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला. कोऱ्या बाटल्यांना ते हात पुसत नसत, झटकत. पहिली काडी लागली की दोरी सोडून हात पुसत, कारण बाईंना चौकटीचा दोर धरून द्यायचा असे आणि तो ओल्या हातातून निसटे. त्यानंतर रुमाल खिशात जाई तो परत निघत नसे. अंडं आणि बस यांच्या बाटल्या बाहीवर सांडत, आणि हात ते तळ्यातच धूत. म्हणजे त्या रुमालानं एवढ्या वर्षांत एकच पाणी पुसलं होतं.

"काडी," ते म्हणाले. "हीच काडी आहे, बाई."

"नक्की?"

"अजून एक गाठ खाली जाऊ या. बाही आली तर नक्की."

खालची बाटली आली. वहिनींनी बूच उघडल्याबरोबर तोंड फिरवलं. "बाही," त्या म्हणाल्या. "आणि कोपरापर्यंत."

बाईंनी चौकट सोडली. आदल्या खेपेपेक्षा ती बरीच वर थांबली. नळ्या भरेपर्यंत मामांनी होडी अशी धरली की वल्ह्यावरून पाण्याचा थेंबही पडला नाही. वहिनींनी दोन्ही डोळे उघडून पहिल्यांदा पाण्याकडे नीट बघितलं आणि "वरून तर काहीच कळत नाही," असं म्हणाल्या.

केंद्रात सगळे गाळणीभोवती उभे राहिले. पाणी कागदावर पसरलं, करडं दिसलं, हळूहळू आत जिरलं. मग कडेकडेनं रंग चढू लागला. नळ्या बदलत गेल्या तसं वर्तुळ गडद होत गेलं. बाईंनी कागद चिमट्यानं उचलून खिडकीशी नेला. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आता मला सगळ्यांना पुन्हा कळवावं लागणार. गेलेले परत आले म्हणून."

"गेले नव्हते," नाकोबा म्हणाले.

"ते मी लिहीन. तुम्ही फक्त इथे ऐका." त्या वळल्या. त्यांचा राग गेलेला नव्हता, पुढेही बरेच दिवस तो अधूनमधून निघे. "यापुढे अवयव बंद पडला की त्याच दिवशी सांगायचं. कुठलाही. आणि पुढच्या खेपेला वहिनी येणार आहेत का?"

"मी नाही बाई," वहिनी म्हणाल्या. "माझ्या पोटात अजून होडी हलतेय."

"मी यांना विचारतेय. रुमाल, बाही हे मला कळत नाही. मला काडी लागते."

वहिनी पुढच्या खेपेला आल्या. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी धक्क्यावर म्हणत की आज शेवटचं. मामांनी त्यांच्यासाठी मधल्या फळीवर जुन्या पोत्याची घडी बांधून टाकली आणि ती काढायची नाही असं सगळ्यांना बजावलं. नाकोबांना वास पुन्हा कधी आला नाही. वायू जागच्या जागी मोजणारं यंत्र केंद्रात आलं तोपर्यंत, म्हणजे दोघांचे केस पिकेपर्यंत, त्या तळ्याची सीमा या रीतीनं शोधली गेली.

वहिनींचे शब्द एवढ्या वर्षांत होडीतल्या सगळ्यांना पाठ झाले होते. मामा तर वल्ह्यावरून ओठ हलवून आधीच म्हणत. बाईंनाही कधीच कळून चुकलं होतं की रुमाल म्हणजे काय. तरी वहिनी "रुमाल" म्हणाल्या की बाई लगेच लिहीत नसत. पेन्सिल धरून नाकोबांकडे बघत. नाकोबा वहिनींच्या हातातून बाटली घेत, वाऱ्याकडे पाठ करत, तळहाताचा आडोसा धरून ती नाकाशी नेत आणि सावकाश श्वास घेत. मग म्हणत, "काडी."